वहिनींची बिनथांब्याची सायकल

रस्त्यात प्रेतयात्रा दिसली की वहिनींचे पाय थांबत. त्या सायकलवर असल्या तरी थांबत. पॅडल जिथे असेल तिथे राही, सायकल उरल्या वेगाने पुढे सरके आणि एक हात छातीशी जाई. काशीत हे सोपे नाही. मैदागिनच्या रस्त्याने मणिकर्णिकेकडे दिवसभर तिरड्या जातात आणि दुकानांतली माणसे मान न वळवता चहा पीत राहतात. वहिनी म्हणत, "जाणाऱ्याच्या वाटेवर आपण जोर लावू नये. वडिलांनी लावलेलं वळण आहे." हेच वळण पुढे त्यांच्या मुळावर आले.

वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत मित्राच्या पत्नी. ब्रह्मा घाटावर आमची घरे समोरासमोर आहेत. मधली गल्ली इतकी अरुंद की भाजीची वाटी या खिडकीतून त्या खिडकीत देता येते. वहिनी वरुणापारच्या एका मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवीत. साठी उलटल्यावरही शाळेने त्यांना ठेवून घेतले होते. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो. नोकरीची शेवटची वर्षे अपघातांच्या चौकशीत गेली. गाडी घसरली की घसरता घसरता राहिली, हे ठरवण्याचे ते काम. त्यात मित्र मिळत नाहीत.

वहिनींच्या वर्गात एक नियम होता. रूपे म्हणताना मुलीने आवाज खाली आणला की त्या तिला थांबवीत. "चुकायचं तर मोठ्यानं चुका. पुटपुटलेली चूक मला दुरुस्त करता येत नाही." त्यांच्या घरी शिकवणीला येणाऱ्या मुली इतक्या मोठ्याने चुकत की माझ्या दुपारच्या झोपेचे खोबरे होई. मी एकदा तक्रार केली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीही चूक ऐकली ना? मग उपयोग झाला."

दोन पावसाळ्यांपूर्वी पंचगंगा घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर त्या घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण बोटांत जोर परतला नाही. हँडलवर तळवा टेकता येई. ब्रेक आवळता येत नसे. जुनी सायकल अंगणात उभी राहिली आणि वहिनी ई-रिक्शाने शाळेला जाऊ लागल्या. सकाळी मैदागिनला पोलिसांचे अडथळे लागतात, भाविकांची गर्दी असते, ई-रिक्शा कुठून कुठे वळवतील याचा नेम नाही. शाळेचे फाटक मात्र प्रार्थनेबरोबर बंद होई. उशीर होऊ लागला. पुढच्या वर्षी ठेवायचे की नाही, असे बोलणे शाळेत सुरू झाले. पुण्याहून मुलीचे, मीनलचे, फोन वाढले: "आई, पुरे झालं. इकडे ये." काशी सोडायची की नाही, हा प्रश्न आता रोज संध्याकाळी फोनवर वाजू लागला.

त्यांच्या वरच्या खोलीत संस्कृत शिकायला एक जपानी मुलगी राहून गेली होती. जाताना ती आपली सायकल मागे ठेवून गेली. बुटकी, हलकी, राखी रंगाची. तिच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील नव्हते. म्हणजे चाक फिरते तोवर पॅडल फिरणारच; पाय स्थिर ठेवून सायकल नुसती सोडून देता येत नाही. वेग कमी करायचा तर पायांनीच पॅडल मागे रेटायचे. जोडीला पुढच्या चाकाला एकच ब्रेक. वहिनींनी हे सगळे माझ्याकडून ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे उजव्या हाताचं काम पाय करतील."

विश्वेश्वरगंजच्या मिस्त्रीने तो ब्रेक डाव्या हाताला बसवून दिला. एक फेरी मारून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "बाबूजी, ई साइकिल नाहीं, जिद्दी घोड़ी हौ. माताजी से ना सँभली."

"घोडीलाच विचारू," वहिनी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मीनलशी करार झाला. फोन मोठ्या आवाजावर होता, मी समोर बसलो होतो.

"आई, एकदा जरी पडलीस, तर पुण्याला यायचं. मग वाद नाही."

"कबूल. एकदा पडले की येते."

"तू सांगणार नाहीस मला."

"भाऊजी सांगतील."

"काका सांगणार असतील तर चालेल," मीनल म्हणाली. मी गोड बोलत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते.

सकाळी लवकर आम्ही टाउन हॉलच्या मैदानात जाऊ लागलो. वहिनींनी जन्मभराची साडी सोडून चुडीदार घातला. ओढणी कमरेला बांधली. मैदानात पडणे करारात धरायचे नाही, असे मी ठरवले होते. रेल्वेच्या भाषेत तो यार्डातला सराव होता, मुख्य मार्गावरची गाडी नव्हे. त्या तिथे वारंवार पडल्या. वळताना पॅडल जमिनीला घासे. थांबायचे झाले की जुन्या सवयीने पाय स्थिर होत आणि वर येणारे पॅडल त्यांना जागेवरून उचकटून देई. फिरायला येणारे एक वकीलसाहेब रोज विचारीत, "मास्टरनी जी, आज कितनी बार?" वहिनी धूळ झटकत मोठ्याने आकडा सांगत.

हळूहळू त्यांचे पाय शिकले. मी खडूने रेघ ओढायचो आणि त्या रेघेच्या अलीकडे थांबायच्या. तरी मी त्यांना रस्त्यावर जाऊ देईना.

"आता काय राहिलं?" त्यांनी विचारले.

"तिरडी."

मी सांगितले, "तुमचा ब्रेक धरणारा हातच छातीशी जातो. आणि ब्रेक लावणारे पायच थांबतात. त्या घटकेला या सायकलला कुणी वाली नाही. नमस्कार मनात करा."

"पाय थांबल्याशिवाय माझं मन थांबत नाही, भाऊजी."

"मग उतरून करा."

यावर त्यांनी विचार केला आणि ते मान्य केले. पुढून 'राम नाम सत्य है' ऐकू आले की आधीच वेग मोडायचा, उतरायचे, सायकल धरून बाजूला उभे राहायचे. मैदानात मी तोंडाने घोष करी आणि त्या उतरत. वकीलसाहेबांनी त्यानंतर आमच्या बाजूला यायचे सोडले.

पहिला आठवडा मी माझ्या सायकलवर त्यांच्या मागे राहिलो. मैदागिनपर्यंत गल्लीतून सायकल हातात, मग रस्ता. चौकाघाटाशी वरुणेचा पूल लागतो आणि पलीकडे उतार. पहिल्या दिवशी त्या उतारावर वेग वाढला तसे त्यांचे पाय गरगरू लागले. वहिनी पॅडल फिरवीत नव्हत्या. पॅडल वहिनींना फिरवीत होते. पुढे बस होती. ती मध्येच थांबली. उजवीकडे ट्रॅक्टर, डावीकडे कठडा. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ ताठ झाली, मागे झुकली, पायांचा फेर जड झाला, डाव्या हाताने ब्रेकला हलकेच दाब दिला. बसचा मागचा पत्रा आणि पुढचे चाक यांच्यात वीतभर जागा उरली. बसच्या पायरीवर लटकलेला कंडक्टर म्हणाला, "का चाची, भीतर आवे के हौ?"

मी पोचलो तेव्हा वहिनींनी वळून पाहिले. "भाऊजी, श्वास घ्या," त्या म्हणाल्या.

त्यानंतर पावसाळा सरला, थंडी आली. शाळेचे फाटक त्यांच्यावर पुन्हा बंद झाले नाही. धुक्यात त्या हँडलला लाल दिवा लावून जात. मी मागे जाणे सोडले, पण सकाळी वर्तमानपत्र घ्यायला मैदागिनपर्यंत चालत जाऊ लागलो. वर्तमानपत्र तर घरीच येत असे. वहिनींनी त्याविषयी कधी विचारले नाही. मीनल दर रविवारी मला फोन करी. "काका?" एवढेच विचारी. "नाही," एवढेच मी सांगे.

माघात, बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना, ती सकाळ आली. जाम होता. हॉर्नचा गदारोळ. वहिनी दोन ई-रिक्शांच्या मधल्या फटीतून सावकाश चालल्या होत्या. मी पानाच्या दुकानाशी उभा होतो. समोरून तीन-चार माणसे पायी आली. तिरडी नव्हती, घोष नव्हता. पुढच्या माणसाने दोन्ही हातांवर पांढऱ्या कापडातले एक लहान गाठोडे धरले होते. लहान मुलाला इथे असेच नेतात, हातांवर, आणि गंगेत सोडतात. गर्दीतल्या कुणाच्या ते ध्यानात आले नाही. माझ्याही आले नाही. वहिनींच्या आले. तो माणूस त्यांच्या हँडलजवळून गेला तेव्हा त्यांचे पाय थांबले आणि डावा हात वर गेला.

सायकलने त्यांना डावीकडे फेकले. खांदा रिक्शाच्या दांडीवर आदळला, हात दांडीला अडकला, एक गुडघा रस्त्यावर गेला. दांडी नसती तर त्या पूर्ण आडव्या झाल्या असत्या. रिक्शावाला उतरून ओरडू लागला आणि मग त्यानेही मागे वळून पाहिले व गप्प झाला. वहिनींचा एक हात दांडीत होता. दुसरा छातीशी. ती माणसे गल्लीत वळेपर्यंत त्या तशाच राहिल्या.

मी त्यांना उठवले. चुडीदार गुडघ्यावर फाटला होता आणि रक्त होते. "माताजी, चोट त ना लगल?" कुणीतरी विचारले. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहून, वर्गात विचारावे तशा स्वच्छ आवाजात विचारले, "भाऊजी, पडले का मी?"

अंग जमिनीला लागले नव्हते. हात दांडीवर होता. गुडघा टेकणे म्हणजे पडणे की तोल जाणे, यावर चौकशीत दोन दिवस वाद घालता आला असता. मी असे वाद ऐकले आहेत. ते घालणाऱ्यांना उत्तर आधीच ठाऊक असते.

"पडलात," मी म्हणालो.

"हो. मलाही तसंच वाटलं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी रुमाल गुडघ्याला बांधला, सायकल सरळ केली आणि शाळेला गेल्या. फाटक बंद व्हायच्या आत पोचल्या.

संध्याकाळी फोन त्यांनीच लावला. "मीनल, आज मी पडले."

मीनल म्हणाली, "लागलं का?"

"गुडघा खरचटला."

"म्हणजे उतरताना तोल गेला असेल. काका आहेत का तिथे? काका, तुम्ही पाहिलंत ना? तोलच गेला ना?"

मुलीने वाट करून दिली होती. आईला काशीतून उपटून न्यायचे तिच्याही जिवावर आले असावे. अट घालताना हे माणसाला कळत नाही. वहिनी माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या देवघरातल्या समईची वात सारखी करीत होत्या आणि ती सारखी होत नव्हती.

"पडल्या," मी म्हणालो. "मात्र करारात तारीख नव्हती. मुलींची परीक्षा होईपर्यंत त्या इथे राहतील."

"राहू दे," मीनल म्हणाली.

परीक्षा होईपर्यंत वहिनी त्याच सायकलवरून गेल्या. आता गमावण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे असेल, त्या फार चांगल्या चालवू लागल्या. मैदागिनच्या गर्दीत पाय न टेकता जागच्या जागी तोल धरून उभ्या राहत. वकीलसाहेब रस्त्याच्या कडेला थांबून बघत. शेवटच्या दिवशी शाळेतल्या मुली फाटकापर्यंत आल्या आणि निरोपाचा श्लोक म्हणाल्या. त्यात दोन चुका होत्या, वहिनींनी मला सांगितले. दोन्ही स्पष्ट ऐकू आल्या.

कँट स्टेशनवर मी सामान चढवले. गाडी सुटायला अवकाश होता. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी राहिले असते. पण मग रोज तुमच्या समोरच्या खिडकीत ते खोटं घेऊन राहिले असते." मी म्हणालो, गाडी अलाहाबादला वेळेवर पोचेल. त्या म्हणाल्या, "बरं."

सायकल मीनलने पार्सलने पुण्याला नेली. सोसायटीच्या आवारात वहिनी ती सकाळी चालवतात. फाटकाबाहेर नाही. शेजारच्या दोन मुलांना संस्कृत शिकवतात. आईबाप म्हणतात, आजी, जरा हळू बोलायला सांगा त्यांना.

समोरची खिडकी आता बंद असते. रविवारी वहिनींचा फोन येतो. एवढी वर्षे गल्लीत चारी बाजूंनी हिंदी असताना वहिनी माझ्याशी मराठीशिवाय बोलल्या नाहीत. मीनलने लहानपणी हिंदीत उत्तर दिले तर तिला जेवायला वाढत नसत. आता पुण्यात बसून त्या माझ्याशी हिंदीत बोलतात, तीही इथली. "भाऊजी, का हाल हौ? मैदागिन पर जाम लगल हौ का?" मी मराठीत उत्तर देतो. मैदागिनला मी हल्ली जात नाही. वर्तमानपत्र घरी येते. तरी मी सांगतो, लागला आहे, फार मोठा लागला आहे, वहिनी.