दुसऱ्याच कॉलेजच्या गेटवर

मी कराडला इंजिनिअरिंग शिकायला जाणार आहे, ही बातमी मला पिठाच्या गिरणीत कळली. दळणाच्या रांगेत माझ्यापुढं उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "कराडला हॉस्टेल मिळालं का गं? जेवणाखाण्याचं कसं?" मला वाटलं, ह्या मला दुसऱ्याच कुणाची लेक समजल्यात. तर त्या म्हणाल्या, "तुझं पप्पाच सांगत हुतं, पोरगी इंजिनिअर व्हायला चालली म्हणून. लय ब्येस झालं." गिरणीचा पट्टा धडधडत होता, त्यामुळं माझं उत्तर त्यांना ऐकू गेलं नाही. ते ऐकण्यासारखं नव्हतंच.

मला प्रवेश मिळाला होता तो सांगलीला, चित्रकलेच्या कॉलेजात. अकरावी-बारावीही मी सांगलीलाच मावशीकडं राहून केली होती. त्या वर्षी प्रवेशाचं असं भिजत घोंगडं पडलं की वर्ग सुरू व्हायलाच दिवाळी उलटून कडाक्याची थंडी पडली. तेवढी सुट्टी काढायला मी साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आले होते. परत जायला चार दिवस उरले होते आणि सगळ्या गावाला माहीत होतं की मी कराडला चाललेय. माहीत नव्हतं ते फक्त मला.

घरी येऊन दळणाचा डबा आपटला आणि आईला विचारलं. आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. "मग काय सांगायचं लोकांस्नी? पोरगी चित्रं काढाय शिकती म्हणून?" मी पप्पांकडं गेले. पप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्या घरात पुरुष एक तर उसात असतो नाही तर पलटणीत. ते शांतपणे म्हणाले, "तुला जायला परवानगी दिली का नाही? दिली. मग लोकांना काय सांगायचं ते माझं मी बघीन. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ही तीच चित्रकला बरं का, जी शाळेत असताना चालत होती. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांना 'ए' ग्रेड आली तेव्हा पेढे वाटले होते, कारण त्याचे दहावीला वाढीव गुण मिळतात. गुणांपुरती चित्रकला चांगली. ती पोटाशी धरली की मूठ झाकायची. मला ओरडून परवानगी नाकारली असती तर मी भांडले असते, रडले असते, जिंकले किंवा हरले असते. पण परवानगी देऊन वर मला लपवायचं, याला काय म्हणायचं? त्या चार दिवसांत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आणि मनाशी एकच गोष्ट धरून बसले: यांनी कुणातरी एका माणसापुढं तोंड उघडून सांगावं की माझी लेक चित्रकला शिकते. एकाच माणसापुढं. जास्त काही मागणं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी पप्पांचे जुने सुभेदार साहेब गावातल्या एका लग्नाला आले आणि आमच्याकडं मुक्कामाला थांबले. पप्पांनी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढलेली. साहेबांना निवृत्त होऊनही जमाना झाला होता, पण ते अंगणात आले की पप्पा अजून खुर्चीवरून उठतात. साहेबांनी मला विचारलं, "काय शिकतीस पोरी?" मी तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, "कराडला इंजिनिअरिंग, साहेब. उद्याच सोडायला चाललोय." साहेब खूश झाले. त्यांचं घर कराडला लागूनच, मलकापुरात. "मग उद्या माझीबी सोय झाली की!"

खोटं बोलायचं तर माणसानं निदान समोरच्याचं गाव आठवावं.

सकाळी निघालो. गाडीच्या टपावर माझा ड्रॉइंग बोर्ड बांधलेला, मागच्या सीटवर मी, शेजारी कागदांची नळकांडी आणि बॅग. बोर्ड आणि नळकांडी इंजिनिअरिंगच्या पोरांकडंही असतात, म्हणून तर हे सोंग बिनबोभाट चाललं होतं. हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यांच्या मागं आम्ही मुंगीच्या पावलानं. पुढं दोघांच्या पलटणीच्या गप्पा रंगल्या होत्या. मध्येच साहेब मागं वळून म्हणायचे, "रविवारी आमच्याकडं जेवायला यायचं बरं का. मलकापुरात मारुतीच्या देवळामागं सुभेदाराचं घर म्हण, कुनीबी दावंल." मी हो म्हणत होते. माझ्या तोंडातून निघालेला एकेक हो मला आजही आठवतो आणि पुन्हा संताप येतो.

कराड जवळ आलं तशी पप्पांनी गाडी सरळ मलकापूरच्या बाजूला दामटायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, "आरं, आधी लेकीला सोड की. मला काय घाई न्हाई." पप्पा म्हणाले, "नको साहेब, तुम्हाला उशीर होईल." साहेब म्हणाले, "आमच्यामुळं पोरीचं कॉलेज बुडवतोस व्हय?" आरशात पप्पांचे डोळे मला दिसले. मला खरंच वाटलं, आता सांगतील. गाडीत तिघंच आहोत, परकं कुणी नाही, सांगतील आणि हसतील. पप्पांनी इंडिकेटर दिला आणि गाडी कॉलेजच्या रस्त्याला वळवली.

गेटवर त्यांनी माझं सामान उतरवलं. बोर्डाच्या दोऱ्या सोडल्या, बोर्ड भिंतीला टेकवला. साहेबही खाली उतरले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बापाचं नाव काढ." पप्पा बॅग देताना पुटपुटले, "अर्ध्या तासात आलो. इथंच थांब." आणि गाडी गेली.

मी थांबले. वॉचमननं विचारलं, "कुठलं इयर?" मी म्हणाले, वडील येणार आहेत. माझ्यासारखेच बोर्ड काखेत मारून पोरं-पोरी आत जात होती. त्यातली एक पोरगी थांबून म्हणाली, "फर्स्ट इयर का? चल, हॉस्टेल दाखवते." इतकी चांगली होती बिचारी, आणि मी तिच्याशी नजर चोरून बोलले. काही चोरलं नसताना चोर झाले. गेटसमोरच्या झाडाखाली बॅगेवर बसले. चित्रकार मुलगी वाट बघत असली की वही काढून स्केच करते, असं लोकांना वाटतं. मी काही काढलं नाही. गाडी येतेय का, एवढंच बघत राहिले.

अर्धा तास होऊन गेला, एक तास होऊन गेला. थंडीचे दिवस असले तरी दुपारचं ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी फोन लावला. पप्पांनी उचलला, आणि असा आवाज काढला जो मी जन्मात ऐकला नव्हता. "हां बोल बाळा! लागली का रूम? मी साहेबांकडं जेवायला थांबलोय, आग्रहच झालाय. तू मेसमध्ये जेवून घे हां." त्यांनी मला कधी बाळा म्हटलेलं नाही. पाठीमागं ताटांचा आवाज येत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रिक्षा थांबवली. बोर्ड आत मावेना, तो अर्धा बाहेर धरून बसले आणि सांगितलं, मलकापूर, मारुतीच्या देवळामागं, सुभेदाराचं घर. साहेबांनी सांगितलेलं खरंच होतं, कुणीही दाखवलं.

दार साहेबांच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. माझा अवतार, हातातला बोर्ड, मागं रिक्षा, हे सगळं बघून त्या बाजूला झाल्या. आत दोघं जेवायला बसलेले. मटणाचा बेत होता. पप्पांचा हात ताटातच राहिला. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाले, "साहेब, मी इंजिनिअरिंगला नाही. मी सांगलीला चित्रकला शिकायला चाललेय. हे मला तिथं बसवून इथं आलेत."

मला वाटलं, साहेब चकित होतील. त्यांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि म्हणाले, "ठावं हाय मला. मगाशी गाडी निघाली तवा मागं बघितलं की मी. तू गेटात गेलीच न्हाईस. सामानापाशीच हुबी ऱ्हायलीस, बापाची वाट बघत."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तुझ्या बापाचा मान राहावा म्हणून गप बसलो, पोरी."

काकू दारातूनच कडाडल्या, "आवं, पोरगी तिकडं उन्हात उपाशी आन् तुमी हितं मानाचं मटण वरपताय व्हय?" त्या घरात माझ्या बाजूनं तेवढी एकच बोलली, आणि ती मला पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा भेटली होती.

मी तिथं उभी राहून दोघांकडं बघत होते. एकानं खोटं सांगितलं, दुसऱ्याला ते कळलं. दोघांनी एकमेकांचा मान सांभाळला आणि एकमेकांना आग्रह करून वाढलं. पुरुषांच्या या जगात मान म्हणजे एकमेकांची लाज झाकायची चादर, आणि त्या दिवशी ती लाज म्हणजे मी होते. मी चोरी केली नव्हती, कुणाबरोबर पळून गेले नव्हते. परीक्षा देऊन यादीत नाव लावलं होतं.

काकूंचं बोलणं साहेबांना लागलं असावं. त्यांनी ताट सरकवलं, हात धुतला, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. मैदानावरचा झाला. "हवालदार, उभं ऱ्हा."

पप्पा उभे राहिले. बोटांना रस्सा तसाच.

"पोरगी काय शिकती?"

"चित्रकला, साहेब."

"कुठं?"

"सांगलीला, साहेब."

"मोठ्यानं."

"सांगलीला चित्रकला शिकते, साहेब!"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, जणू एखादी वस्तू मिळवून हातात दिली. काकूंनी माझ्यासाठी ताट मांडलं. मी बसले नाही. त्यांच्यावर राग नव्हता, पण त्या घरातला घास माझ्या घशाखाली उतरला नसता. पप्पांनी गुपचूप बोर्ड उचलला आणि पुन्हा टपावर बांधला. गाठी मारताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी मागंच बसले, पुढची सीट रिकामी असून.

पेठ नाका आला, इस्लामपूर गेलं, आष्ट्याच्या अलीकडं पुन्हा ट्रॉल्यांमध्ये अडकलो. मग पप्पा आरशात न बघताच म्हणाले, "आता सांगितलं ना मी? झालं तुझं समाधान?"

चार दिवस मी मनाशी तेच वाक्य मागत होते आणि ते माझ्यासमोर, मोठ्यानं, साक्षीदारांदेखत म्हटलं गेलं होतं. पण साहेबांनी त्या वेळी 'पोरगी कलेक्टर आहे म्हण' असं सांगितलं असतं, तरी पप्पांनी तितक्याच मोठ्यानं म्हटलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "तो हुकूम होता."