पन्हळीचा उतार

आमच्या घरात माग होता आणि मागाचा खड्डा बाहेरच्या भिंतीला लागून होता. नवरा त्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर लुगडी विणायचा. वर कवेलूंचं छप्पर, छपराच्या कडेला पत्र्याची पन्हळ. ती पन्हळ मधोमध झोळीसारखी लोंबली होती. छपराचं सगळं पाणी तिथून भिंतीवर पडायचं आणि झिरपून खड्ड्यात जमायचं.

कोराडीचं वीजघर तेव्हा नवीन होतं. थोरले दीर तिथे लागले होते, क्वार्टरही मिळालं होतं. धाकट्या भावासाठी ते शब्द टाकायला तयार होते. मला तर कधी एकदा जाते असं झालं होतं. महिन्याला पगार, घरात नळ, आणखी काय पाहिजे? नवरा मागावरून उठायला तयार नव्हता. मी रोज डोकं खाल्लं तेव्हा वैतागून म्हणाला, "या पावसात खड्ड्यात पाणी आलं तं माग मोडतो अन् कोराडीले चालतो. मंग तं खुश न?"

खुश काय, मी सामान बांधायच्याच बेतात होते.

पण गडी जिद्दीचा. दुसऱ्याच दिवशी त्याने शिडी लावली, पन्हळ धरणारे गंजलेले आकडे काढून नवे ठोकले. विणकराचा हात तो! या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून बांधलं आणि पन्हळ त्या सुताबरोबर अशी सरळ बसवली की गल्लीतली माणसं बघायला थांबली.

पाऊस आला. पन्हळ काठोकाठ भरली. आधी पाणी मधूनच सांडायचं, आता ते सगळ्या लांबीने भिंतीवर यायला लागलं. संध्याकाळपर्यंत खड्ड्यात घोटाभर पाणी. ताणा भिजू नये म्हणून नवऱ्याने मागावर मेणकापड टाकलं आणि तांब्याने पाणी उपसायला बसला. म्हणाला, "पत्राच खराब आहे वं. मी तं कुठंच वाकडं होऊ देलं नाही."

मी अंगणात जाऊन वर बघितलं. पत्र्यात काही खोट नव्हती. पन्हळ सपाट होती, पाण्याला जायला उतारच नव्हता. रोज मोरी धुणाऱ्या बाईला एवढं दिसतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. उद्या तो आपल्याच तोंडाने कोराडीला चल म्हणाला असता.

आत आले तर तो उपसतच होता. चिडचिड नाही, शिव्या नाहीत, नुसती मान खाली. मला त्याचा राग आला, पन्हळीचा आला आणि रडूही आलं.

"ऐका जी," मी म्हटलं, "नालीकडचं टोक चार बोटं खाली घ्या. पाणी का तुमच्या सुतावरून चालते?"

त्याने भर पावसात शिडी लावली, मीच ती धरली. आकडे एकेक करून खाली घेतले तसं पाणी पन्हळीतून धावलं आणि टोकावरून धो धो नालीत पडायला लागलं. भिंतीवर यायचं थांबलं.

तो ओलाचिंब खाली उतरला आणि माझ्याकडे बघत राहिला. "तुले तं कोराडीले जायचं होतं न? मंग काहून सांगतलं?"

"तुमचं तोंड पाहवत नव्हतं," मी म्हटलं.

तो हसला, अंग पुसलं आणि मागावरचं मेणकापड काढायला गेला. ती नोकरी दिरांनी आपल्या मेहुण्याला लावून दिली. मी कोराडीला गेले ती सणावारी, पाहुणी म्हणून.