प्राणवायूच्या खोलीतला तेविसावा दिवस

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी देवावर वैतागलो होतो, आणि देव हाताशी सापडत नाही म्हणून बाकी सगळ्यांवर वैतागत होतो. हॅम्बर्गच्या पावसावर, ऐन वेळी रद्द होणाऱ्या एस-बान लोकलवर, क्रांकेनकासेच्या, म्हणजे आरोग्य विमावाल्यांच्या, 'खेद वाटतो' अशी सुरुवात करणाऱ्या पत्रांवर. माझ्या पत्नीला, मंगलला, पक्षाघात होऊन तीन वर्षं झाली होती. उजवा हात मुडपलेला, बोलणं जवळजवळ गेलेलं. 'चहा', 'बास' आणि 'नको' एवढे तीन शब्द शाबूत. दाबाखालच्या खोलीत बसून शुद्ध प्राणवायू घेतला तर जुन्या पक्षाघातातही काहींना फरक पडतो, असं मी कुठंतरी वाचलं. न्यूरोलॉजिस्टनं खांदे उडवले. "इतक्या वर्षांनी? ठोस पुरावा नाही. फार आशा धरू नका." क्रांकेनकासेनं नाही म्हटलं. मंगलनं तर स्वच्छ "नको" म्हटलं. मी कुणाचंच ऐकलं नाही. आठवड्याचे पाच दिवस, अशी चाळीस सत्रं ठरवून टाकली.

इथली मराठी मंडळी म्हणायची, "काय नवरा आहे हो, किती करतो!" ते ऐकलं की माझी मान खाली जायची. त्यांना विनय वाटायचा. तो विनय नव्हता.

तीन वर्षांपूर्वी आम्ही नवं घर घेतलं तेव्हा सत्यनारायण घातला होता. गुरुजी सांगलीहून व्हिडिओवर, समोर चौरंग, मागं वीस-पंचवीस माणसं. गुरुजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." मंगलनं लावला आणि तो घसरला. मी उचलून परत ठेवला. पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी मी तिच्याकडे न बघताच पुटपुटलो, "नीट लाव की हात, लोक बघतायत." तिनं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. जीभ जड झाली होती. मला वाटलं, उपासानं गळाठली असेल. पूजेवरून मधेच उठू नये हे मनात पक्कं बसलेलं. पाच अध्याय झाले. आरतीला ती उठूच शकली नाही, तेव्हा कुठं मी ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कधीपासून?" मी म्हणालो, "आत्ताच, आरतीच्या वेळी." दीड तास मी गिळून टाकला. खरं बोललो असतो तर उपचार बदलले असते का, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही. आमची मुलगी रेवा तेव्हा ब्राउनश्वाइगला शिकत होती. तिलाही तेच सांगितलं. खरं माहीत असलेली दुसरी व्यक्ती एकच, आणि तिची वाचा गेलेली. या गोष्टीचा मला आतून आधार वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

तर ही चाळीस सत्रं म्हणजे माझं प्रायश्चित्त होतं, आणि ते भोगत होती मंगल.

ती खोली म्हणजे एक भलं मोठं लोखंडी पिंप. आत दोन्ही बाजूंना खुर्च्या, गोल खिडक्या. दार बंद झालं की दाब वाढतो, कानांना दडे बसतात, मग पेशंटनी मास्क लावायचा. शुद्ध प्राणवायूत आगीचं भय फार, म्हणून नियमांचा जाच. अंगावर सुती कपडेच, क्रीम नको, अत्तर नको, केसांना तेल तर मुळीच नको. बावीस दिवस मी हे सगळं पाळलं. बावीस दिवसांत फरक शून्य. तेवढ्यात नाशिकहून सासूबाईंचा फोन. देवीच्या समईतलं तेल त्यांनी कुणाबरोबर तरी पाठवलं होतं. "जावईबापू, टाळूवर बोटभर चोळा. तिथल्या लोकांना सांगत बसू नका, त्यांना काय कळतंय!" नियम मला तोंडपाठ होता. तरी तेविसाव्या दिवशी सकाळी मी तेल चोळलं. विज्ञान ऐकत नाही तर देवी ऐकेल, दोघांना एकदमच कामाला लावू, असा माझा हिशेब.

खोलीवर देखरेख ठेवणाऱ्या फ्राऊ पेटरसन साठीच्या, तोंडानं फटकळ. मंगल दारात येताच त्यांनी नाक मुरडलं.

"थांबा, हे काय? तेल?"

"थोडंसंच आहे. देवाचं आहे."

"ऑक्सिजनला देव ओळखू येत नाही. आत आठ माणसं असतात. आज नाही."

माझा तोल गेला. तीन वर्षं धावतोय, तुम्हा लोकांना माणसं दिसत नाहीत, नुसते नियम दिसतात, असं मी त्या पॅसेजमध्ये ओरडलो. चूक माझी, आवाजही माझाच. पेशंट माना वळवून बघायला लागले. मंगल म्हणाली, "बास." तिच्याजवळ असलेल्या तीन शब्दांतला अगदी योग्य शब्द.

आम्ही बाकावर बसून राहिलो. आता कुणाला दोष द्यावा हे मला सुचेना. सकाळची फेरी संपली तेव्हा फ्राऊ पेटरसन आल्या, हातात शाम्पू आणि टॉवेल. "दुपारी एक खुर्ची रिकामी आहे. चला, धुऊन टाकू." त्यांची ती जेवणाची सुट्टी होती. कर्मचाऱ्यांच्या न्हाणीघरात मंगलला स्टुलावर बसवून त्यांनी तिचे केस धुतले, दोनदा, तीनदा, वास जाईपर्यंत. मला म्हणाल्या, "उजवा हात धरा तिचा, घसरेल ती." मी हात पुढं केला. मंगलनं डाव्या हातानं आपला उजवा हात ओढून पोटाशी घेतला. नंतर फ्राऊ पेटरसननी धरला, तर धरू दिला.

"तेवीस दिवस बघतेय," त्या फेस निथळवत म्हणाल्या. "मला देते, तुम्हाला देत नाही. काय केलंत तुम्ही या हाताला?"

कान दुखतोय का, असं रोज विचारायच्या, त्याच आवाजात. तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. देवानंही नाही, असं मी समजत होतो.

दुपारी मी सोबतीला आत बसलो. मंगलच्या तोंडावर मास्क, माझ्या नाही. त्या पिंपात मराठी समजणारी दोघंच. मी बोलायला लागलो. घसरलेला हात, "लोक बघतायत," पाच अध्याय, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं, आणि तुझी वाचा गेल्यावर मला बरं वाटलं होतं, हेसुद्धा. ती माझ्याकडे बघत होती. मग डाव्या मुठीनं तिनं माझ्या छातीवर मारलं. पुन्हा मारलं. चांगलं जोरात. स्पीकरमधून फ्राऊ पेटरसनचा आवाज आला, "तिकडं सगळं ठीक?"

"हो, हो," मी डोळे पुसत म्हणालो, "अगदी ठीक."

तिचा तुटकपणा आजारामुळे आहे, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. तो राग होता. धडधाकट, शुद्धीतला राग.

मास्क निघाला, दार उघडलं. ती जागेवरून उठली नाही. ओठ जुळवत, एकेका शब्दाला थांबत म्हणाली, "अहो... रेवाला... सांगा."

प्राणवायूनं झालं, तेलानं झालं, की मारल्यानं, मला ठाऊक नाही. मी वाद घालणार नाही. सासूबाई देवीचं म्हणतात, न्यूरोलॉजिस्ट योगायोग म्हणतात. मला मात्र त्या बाईंच्या फेसाळलेल्या हातांपाशी कुणीतरी उभं होतं असं वाटतं. एवढंच.

स्टेशनवरूनच मी रेवाला फोन केला. सगळं ऐकून ती जर्मनमध्ये म्हणाली, "पपा, आत्ता मला तुमच्याशी बोलायचं नाहीये." शनिवारी ती आली, आईजवळ बसली, माझ्याशी बोलली नाही. पुढची सत्रं करायची का, हे मी मंगलला प्रथमच विचारलं. तिनं दोन दिवस विचार केला आणि मान डोलावली. हात अजून उघडलेला नाही. रेवा आता फोनवर माझ्याशी जुजबी बोलते.

शरण जाणं म्हणजे देवापुढं कष्टांची रास घालणं, अशी माझी समजूत होती. खरं सांगून टाकायचं आणि पुढं काय व्हायचं ते दुसऱ्यांच्या हाती सोडायचं, हे त्याहून अवघड निघालं. त्या नारायणाचे मी रोज आभार मानतो. त्यानं मला इतक्यात माफी मिळू दिली नाही, त्याबद्दलसुद्धा.