आईचा आवाज आणि फायरवायरची केबल

अर्धांगवायूनंतर आईची वाचा गेली. चालणं हळूहळू सुधारलं, बोलणं मात्र परत आलं नाही. तेव्हा मला धाकट्या बहिणीच्या लग्नात कॅमेऱ्यावर घेतलेल्या टेप आठवल्या. त्यांत आई भरपूर बोलली होती.

मी हडपसरला संगणकाच्याच कंपनीत होतो, त्यामुळे काम सोपं वाटलं. रविवारी सदाशिव पेठेतल्या घरी गेलो आणि कॅमेरा यूएसबीच्या केबलने लॅपटॉपला जोडला. आले ते फक्त फोटो. टेपवरचं चित्र आणि आवाज त्या कॅमेऱ्यातून फायरवायर नावाच्या दुसऱ्या केबलनेच बाहेर येई, आणि माझ्या नव्या लॅपटॉपला ती लावायची सोयच नव्हती.

"घरात एवढ्या वायरी, आणि त्यातली एकही चालत नाही?" बाबांनी विचारलं.

"प्रत्येकीचं टोक वेगळं असतं, बाबा."

"वा. म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच, कुणाचं कुणाशी जुळत नाही."

धायरीला माझा एक मित्र लग्नांचं शूटिंग करायचा. त्याच्याकडे फायरवायरचा जुना कॉम्प्युटर पडून होता. तो रिक्षात घालून आणला, केबल जोडली, आणि टेप सुरू झाली.

"किती वेळ?" बाबा म्हणाले.

"टेप जेवढी, तेवढाच. ही पळवता येत नाही."

यूएसबीने अख्खी डिस्क चहा उकळेपर्यंत भरते, याची मला सवय होती. इथे बसून पाहण्यावाचून इलाज नव्हता. बाबांनी आईला खुर्चीत आणून बसवलं.

पडद्यावर आई शिंप्याला सुनावत होती, "बाही सैल म्हणजे पोतं नव्हे हो." खुर्चीतली आई खांदे हलवत हसू लागली. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज आला, "पुरे आता, किती बोलशील."

बाबा पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "मी असं म्हणायचो?"

आईने मान डोलावली आणि आपला चांगला हात त्यांच्या हातावर ठेवला. टेप संपेपर्यंत तो तिथेच होता. मी कॉम्प्युटरकडे पाहत राहिलो.

नंतर सगळं एका डिस्कवर घेऊन आता परदेशात असलेल्या त्याच बहिणीला पाठवलं. तिचा फोन आला.

"मिळालं. उतरवूनही घेतलं, पटकन झालं."

"पाहिलंस?"

"नाही अजून," ती म्हणाली. "धीर होत नाही रे."