सरासरीचा आकडा

ही गोष्ट मी घरीही कधी सांगितली नाही. नोकरीचा विषय निघाला की मी दुसरंच काही काढायचो. पण एका बाईच्या नावावर माझी चूक लिहिली गेली आहे, आणि आता मी फार दिवसांचा नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी बोईसरच्या एका छोट्या कारखान्यात होतो. उपग्रहावरच्या संगणकाचे प्रोग्राम आम्ही तपासायचो. तो संगणक एकेक काम पाळीपाळीने करतो. उपग्रहाची दिशा सांभाळायची, तापमान वाचायचं, जमिनीवर माहिती पाठवायची. एक काम लांबलं की पुढच्याला उशीर, आणि दिशेच्या कामाला उशीर चालतच नाही. कोणत्या कामाला किती वेळ, तो तक्ता माझा.

मोजमाप करायची किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली एक बाई, वयाने माझ्याहून मोठी. माहिती पाठवायच्या कामाला तिने बारा मिलिसेकंद लिहिले. एरवी ते आठात संपायचं, क्वचितच बारावर जायचं. पण बारा धरले तर सगळी कामं तक्त्यात बसेनात.

"सरासरी लिहा," मी म्हणालो.

"साहेब, सरासरी पाणी धरून खाडीत होडी घालत नाय कोणी. कमीत कमी किती, ते बघतात."

"ही होडी नाही, बाई."

"तेच सांगते. ही रुतली तर ढकलायला वर कोण जानार हाय?"

शेजारचे हसले. मला ते झोंबलं. "लिहा म्हटलं ना!"

तिने बारा खोडून आठ लिहिले आणि नियमाप्रमाणे बाजूला सही केली.

काम देणाऱ्यांसमोर चाचणी झाली. माहितीचं काम लांबलं, दिशेची पाळी हुकली, संगणक बंद पडला. मालकांनी मोजमापाची नोंदवही उघडली. "हा आकडा कोणी बदलला?"

"साहेबांना विचारा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मला वहीत जो मिळाला, तो मी घेतला."

त्याच आठवड्यात तिला काढलं.

काही वर्षांनी ती बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकताना दिसली. मला बघून म्हणाली, "काय साहेब, गेला का तुमचा उपग्रह वर?"

"गेला."

"बरं झालं. आमी उगाच भ्यायलो."

तिच्या आकड्यानेच तक्ता नव्याने बांधला होता, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही ते तिथे सांगितलं नाही, बोंबील घेऊन निघालो. म्हणायचं होतं ते एवढंच: बाई, तुमचं मोजमाप बरोबर होतं. मी खोटं बोललो. मला माफ करा.