देवाचा रकाना

कुठलीही गोष्ट ठरवायची असली की भाऊ आधी चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, “मांगच्या वेळी काय झालतं?” भाजी खारट झाली तरी हाच प्रश्न. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्याजवळ बसलं की आपण आजवर नुसत्या गप्पाच हाणल्या, असं वाटायला लागतं.

कुरखेड्याला आमचं बायकांचं जांभळाचा गर काढायचं केंद्र होतं. मी अध्यक्ष. वय पंचावन्न, म्हणजे नातवंडं झाली होती पण अक्कल यायची बाकी होती. जांभळीच्या मोहोराचा वास घेऊन यंदा किती फळ येईल ते मी सांगायचे. माझं नाक तीन तालुक्यांत प्रसिद्ध होतं. ती प्रसिद्धी मीच केली होती. नाक चुकलं की हवेला दोष द्यायचे.

भाऊ मूळचे मोहर्लीचे; आमच्या केंद्राचा हिशोब बघायला यायच्या आधी तिथल्याच एका रिसॉर्टात बुकिंग सांभाळायचे. कुठल्या सुट्टीत किती पाहुणे येणार, हे तिथला संगणक आधीच सांगायचा. तसंच आपण जांभळाचं करू, असं त्यांचं म्हणणं. गावागावांतून झाडाची खबर, रोजचं वजन, पाऊस, ऊन, गाड्यांच्या फेऱ्या, सगळं मोबाईलवरून गोळा करायचं. मग किती फळ येणार ते संगणक सांगेल, आणि गर न्यायला नागपूरहून तेवढ्याच थंड गाड्या बोलवायच्या.

बैठकीत प्रश्नच प्रश्न. लाईन गेली तर? शिकणार कोण? आपली झाडं कुठे आहेत ही माहिती कोणी पळवली तर? भाऊंनी दोन तास समजावलं, कोणी हललं नाही. मग एक जण म्हणाली, शेजारच्या तालुक्यातल्या बायांनी संगणक घेतला म्हणे. पाच मिनिटांत ठराव झाला. संगणक आला. मी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, वर क्रोशाचं झाकण घातलं आणि उन्हाळ्यापर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

हंगाम जवळ आला तसं भाऊंनीच झाकण काढलं आणि गावांतून माहिती आणवली. संगणक म्हणाला, यंदा जांभूळ फार नाही. भाऊंनी एकच गाडी सांगितली.

आता माझा पराक्रम ऐका. आमच्या बाजूच्या जंगलगावांत पहिलं फळ देवाला वाहिल्याशिवाय झाडाला किती लागलंय हे कोणी बोलत नाही. विचारलं तर ‘यंदा काही नाही’ एवढंच. भाऊंनी विचारलं ते नेमकं त्याच दिवसांत. हे मला माहीत होतं. मी गप्प बसले. म्हटलं, एकदा पडू दे तोंडघशी, मग नाकाची किंमत कळेल.

जांभूळ आलं ते टोपल्यांवर टोपल्या. एक गाडी भरून गेली, बाकीचं अंगणात आंबलं. पहाटेपासून झाडावर चढलेल्या बाया आपापल्या टोपल्या उकिरड्यावर ओतत होत्या. तीन तालुक्यांत गाजलेल्या माझ्या नाकात तो आंबूस वास आठवडाभर बसला होता.

भाऊंनी कोणाला बोल लावला नाही. ते गावोगाव फिरले, तेव्हा एका म्हातारीनं त्यांना ही देवाची रीत सांगितली. परत येऊन त्यांनी नोंदीत एक नवा रकाना घातला: ‘देवाचं झालं का?’ मग माझ्याकडे वळले.

“बाई, तुमाले हे माईत नवतं ना?”

“नाई भाऊ,” मी म्हटलं. “मले कुठून माईत असन?”

ते बरं म्हणाले आणि कामाला लागले. पुढे त्या रकान्यात ‘हो’ आल्याशिवाय संगणकाचा अंदाज कोणी धरत नसे. गाड्या बरोबर येऊ लागल्या. मीही संगणक उघडायला शिकले, आणि सभांमधून सांगू लागले की ही कल्पना मुळात माझीच. भाऊ बाजूला बसून मान डोलवत.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. छातीत दुखलं, चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळाला नाही. तेरवीनंतर आम्ही मोहर्लीला त्यांच्या घरी गेलो. बाकीच्या ओसरीवर बसल्या, मी आत त्यांच्या बायकोजवळ. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिथे तोंडातून निघालं.

“वहिनी, त्या साली मले देवाचं माईत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाई.”

वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“त्याइले ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “म्हनत, ‘बाई सांगतीन एक दिवस. मी वाट पाहून राह्यलो.’”