नाना गेल्याचं आईला सांगितलं, तेव्हा

हे आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे — उरलेलं तिने कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आईच्या मेंदूत, डाव्या बाजूला, रक्तस्राव झाला. हातपाय वाचले. कानही शाबूत. पण आपण बोललेलं तिला नुसतं ऐकू यायचं, अर्थ लागायचा नाही. स्वतः मात्र भरभर बोलायची — "पंख्याला मीठ लाव हो, बुधवार सांडेल." अलिबागच्या थेरपिस्ट बाईंनी मला बजावलं होतं, "नुसत्या शब्दांवर राहू नका. वस्तू दाखवा, खुणा करा. त्या हो म्हणाल्या म्हणजे कळलं असं धरू नका."

म्हणजे मला माहीत होतं.

वडील — नाना — हृदयाच्या ऑपरेशनला मुंबईला गेले आणि तिथेच वारले. सगळं तिकडे बहिणीकडेच उरकून मी दिवेआगरला परतलो. आई पडवीत सुपाऱ्या सोलत होती. समोर बसलो आणि म्हणालो, "आई, नाना गेले."

कसं म्हणालो? — नळाला पाणी आलं, असं सांगावं तसं. चेहरा हलू दिला नाही. आई हसली. "बरं बरं," म्हणाली आणि पुढची सुपारी घेतली.

बायको नानांचा फोटो घेऊन दारात आली होती. तिला मी हातानेच थांबवलं. का? आई रडली असती, आणि ते मला बघायचं नव्हतं. एवढंच. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, "दादा, आईला सांगितलंस?"

"सांगितलं."

खोटं होतं का ते? शब्द तर सगळे खरे होते.

पुढे पाच महिने आई रोज दुपारी, मुंबईची एसटी यायच्या सुमाराला, केस विंचरून, कुंकू ठीक करून फाटकाशी उभी राहायची. गाडी गेली की आत यायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "काय कळतंय बिचारीला!" मी मान हलवायचो. एकदा तर तिला ऊन लागू नये म्हणून तिथे खुर्ची नेऊन ठेवली — वाट बघायला.

मग श्रीवर्धनला चुलत्यांकडे जाणं झालं. भिंतीवर आजोबांच्या शेजारी नानांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. आई थांबली. हाराला बोट लावलं. तिला काहीही समजावून सांगावं लागलं नाही. पदराने स्वतःच कपाळ पुसलं आणि वळून बघितलं — चुलत्यांकडे नाही, माझ्याकडे. रडली नाही. मी चप्पल शोधायला बाहेर गेलो.

परवा बहीण आली होती. म्हणाली, "दादा, आई अगदीच बोलेनाशी झाली. कधीपासून रे?"

"हळूहळू," मी म्हणालो. "आजारच तसा आहे."

हळूहळू नाही. श्रीवर्धनच्या त्या दुपारपासून.